आवाजाच्या आधारानें ध्यान
[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

ध्यान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, त्यांत दुसऱ्या माणसाला जागा नसते. एकांत, मिटलेले डोळे, ताठ पाठ आणि भोंवतीं निःशब्द शांतता, असें तें चित्र. त्यामुळें कोणी तरी बोलत आहे आणि त्याच्या सांगण्याप्रमाणें आपण ध्यान करीत आहों, ही कल्पना पुष्कळांना प्रथमदर्शनीं विचित्र वाटते. आतां मात्र शहरांतल्या कित्येक घरीं हाच प्रकार चाललेला दिसतो. रात्रीं निजतांना मोबाइल उशाशीं ठेवावा, आणि कोणा अनोळखी माणसाच्या संथ आवाजांत मिळणाऱ्या सूचनांप्रमाणें श्वासाकडे, हातापायांकडे, कपाळाकडे लक्ष न्यावें. याला मार्गदर्शित ध्यान असें नांव पडलें आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२४ सालीं २१ डिसेंबर हा दिवस जागतिक ध्यानदिन म्हणून ठरविला, तेव्हांपासून वर्तमानपत्रांतूनहि या विषयाची चर्चा अधिक होऊं लागली. हा प्रकार कशामुळें उपयोगी पडतो, किती पडतो, आणि कोठें पडत नाहीं, एवढेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

वस्तुतः आवाजाची सोबत ध्यानाला परकी नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आसन कोठें मांडावें, मान आणि पाठ कशी धरावी, दृष्टि कोठें ठेवावी, हें सगळें श्रीकृष्ण अर्जुनाला क्रमानें सांगतात. हें ऐकून अर्जुन जी तक्रार करतो, ती तुमची आमचीच आहे. मन वाऱ्यासारखें असतां तें आवरावें कसें, असें तो विचारतो. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं याच अध्यायाचा विस्तार मराठींत केला, तो पंडितांसाठीं नव्हे, ऐकणाऱ्यांसाठीं. समर्थांचे मनाचे श्लोक तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. दोनशें पांच श्लोक, आणि ते सारे मनाला हांक मारून, त्याला समजावून सांगितलेले. ज्या घरांत सायंकाळीं दिवा लावल्यावर हे श्लोक मोठ्यानें म्हटले जात, त्या घरांतील मुलें आवाजाच्या आधारानेंच आपलें चित्त एका जागीं बसवीत होतीं. फक्त त्याला कोणी ध्यान म्हणत नसे. पाळण्यांतील मुलाची गोष्ट याहून निराळी नाहीं. त्याला शब्दांचा अर्थ कळत नाहीं, परंतु आईच्या सुराबरोबर त्याचा श्वास संथ होतो.

आतां ताण म्हणजे काय तें पाहूं. तंबोऱ्याची तार ताणल्यावांचून सूर निघत नाहीं, आणि अधिक ताणली तर ती तुटते. माणसाचें असेंच आहे. अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन हा शरीरशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड येथें शिकत असतांना क्ष-किरणांच्या साह्यानें मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहत असे. मांजर घाबरलें किंवा चिडलें कीं ती हालचाल एकाएकीं थांबते, असें त्याला आढळलें. पुढें त्यानें या गोष्टीचा माग काढला आणि १९१५ सालीं वेदना, भूक, भय व क्रोध यांच्या शारीरिक परिणामांवर ग्रंथ लिहिला. संकट दिसतांच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करतें. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून रक्तांत रस सुटतो, हृदय जोरानें धडधडूं लागतें, स्नायु आवळतात, पचन थांबतें. वाघ समोर आला असतां ही व्यवस्था प्राण वांचविते. पण वाघ येऊन निघून जातो. मुलीच्या परीक्षेची, घराच्या हप्त्याची किंवा वरिष्ठांच्या नाराजीची काळजी निघून जात नाहीं. शरीर बिचारें दोहोंत भेद करूं शकत नाहीं. तें रात्रीं अकरा वाजतां अंथरुणावर पडल्या पडल्या देखील पळण्याच्या तयारींत राहतें, आणि मग झोंप येत नाहीं म्हणून आपण त्यालाच दोष देतों.

हृदयाला थांब म्हणून सांगतां येत नाहीं, जठराला चाल म्हणून सांगतां येत नाहीं. श्वास मात्र मोठा चमत्कारिक आहे. तो आपण लक्ष न देतांहि चालतो आणि लक्ष दिलें तर आपल्या आज्ञेंतहि राहतो. म्हणून आंतल्या घरांत शिरावयाचें तर दार हेंच. श्वास आंत घेतांना हृदयाचे ठोके किंचित् जलद होतात आणि सोडतांना किंचित् मंदावतात. हें घडतें तें मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पुढें पोटापर्यंत गेलेल्या एका मोठ्या मज्जातंतूच्या द्वारें. म्हणून सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षां लांबविला, तर हृदयाला उसंत मिळते. सामान्यतः निरोगी माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळां श्वास घेतो. २००१ सालीं इटलींतील कांहीं डॉक्टरांनीं तेवीस निरोगी माणसांना एकदां लॅटिन भाषेंतली ख्रिस्ती जपमाळ आणि एकदां एक बौद्ध मंत्र म्हणावयास लावून त्यांचा श्वास मोजला. दोन्ही वेळां तो आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. धर्म निराळे, भाषा निराळ्या, पण छाती तीच! आपल्या आज्यांच्या हातांतील जपमाळेला या प्रयोगाची जरुरी नव्हती, हें खरें; तथापि मापानें सिद्ध झालेली गोष्ट नातवाला सांगावयास सोपी जाते.

श्वासाखेरीज दुसरें दार स्नायूंचें. एडमंड जेकबसन यानें १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक साधी युक्ति सांगितली आहे. स्नायु सैल सोडा असें म्हटल्यानें तो सुटत नाहीं, कारण तो आवळलेला आहे हेंच आपल्याला उमगत नाहीं. तेव्हां तो आधीं मुद्दाम आवळावा, आवळल्याची जाणीव घ्यावी, मग सोडावा. बर्लिन येथील शुल्ट्झ या वैद्यानें १९३२ सालीं, हात जड झाला आहे, हात ऊबदार झाला आहे, अशा सूचना माणसानें स्वतःलाच देण्याची पद्धति मांडली. आपल्याकडे मुंगेर येथें स्वामी सत्यानंद सरस्वती यांनीं योगनिद्रा या नांवाखालीं जी रीत लोकप्रिय केली, तींत सांगणाऱ्याच्या आवाजाबरोबर लक्ष उजव्या हाताच्या अंगठ्यापासून निघून एकेका अवयवावरून फिरत जातें. आज मोबाइलवर ऐकूं येणाऱ्या बहुतेक ध्यानांत या तिन्ही रीतींचे धागे एकत्र विणलेले असतात.

येथें प्रश्न येतो कीं, हें सगळें आपण पुस्तक वाचून मुकाट्यानें कां करूं नये? सांगणारा कशाला हवा? मीं आयुष्यभर शाळा केली, म्हणून याचें उत्तर मला शाळेंतच दिसतें. सबंध दिवसांत वर्ग सर्वांत शांत केव्हां असतो? शिक्षक शुद्धलेखन घालीत असतात तेव्हां. खोडकरांतला खोडकर मुलगाहि त्या वेळीं मान खालीं घालून असतो. याचें कारण शिक्षकांचा धाक नव्हे. पुढला शब्द केव्हां येईल हें मुलाला ठाऊक नसतें, म्हणून त्याचा कान जागा राहतो; आणि मन खिडकीबाहेर गेलेंच, तर पुढला शब्द त्याला हात धरून परत आणतो. एक शब्द हुकला तरी शुद्धलेखन मोडत नाहीं, पुढच्या शब्दाला पुन्हां गांठतां येतें. आवाजाच्या आधारानें केलेल्या ध्यानाची किल्ली नेमकी हीच आहे. एकट्यानें बसलेला नवशिका मनाला धरूं पाहतो, पुढें काय करावयाचें तें आठवूं पाहतो, आणि किती वेळ झाला याचाहि हिशेब ठेवूं पाहतो. तीन कामें एका मजुराला! सांगणारा आला कीं यांतलीं दोन कामें त्याच्याकडे जातात.

मन किती भटकतें याचा अंदाज हार्वर्ड येथील दोघा संशोधकांनीं घेतला. सव्वादोन हजार माणसांना दिवसांत वाटेल त्या क्षणीं मोबाइलवरून विचारलें कीं, आतां तुम्ही काय करीत आहां आणि मन कोठें आहे? २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत जवळजवळ सत्तेचाळीस टक्के वेळां मन हातांतल्या कामावर नव्हतें; आणि तें नसतांना माणसें कमी समाधानी असल्याचेंहि आढळलें. तेव्हां आपलें मन बसल्या बसल्या पळालें, तर तें कांहीं आपलें विशेष पाप नव्हे. पळालेल्या मनाला रागावल्यावांचून परत आणणें, हाच व्यायाम. मन पळालेंच नाहीं तर व्यायाम झालाच नाहीं, असें मी म्हणेन.

प्रत्यक्ष कृति साधी आहे. पाठ टेंकून खुर्चीवर बसावें. मांडी घालतां येत असेल तर उत्तम, गुडघे दुखत असतील तर हट्ट नको. पाय जमिनीला पुरते टेंकावे, तळहात मांडीवर ठेवावे. डोळे मिटावे किंवा पांच-सहा हातांवरच्या जमिनीकडे सैल दृष्टि ठेवावी. सांगणारा प्रथम कान उघडे करावयास सांगतो, आणि ही पायरी मला फार आवडते. रस्त्यावरचा भोंगा, स्वयंपाकघरांतली कुकरची शिटी, वरच्या मजल्यावरील टेबल ओढल्याचा आवाज, जें ऐकूं येईल तें ऐकावें, त्याला नांव ठेवूं नये. मुंबईसारख्या शहरांत शांतता मिळेल तेव्हां ध्यान करूं असें जो म्हणेल, त्याच्या नशिबीं ध्यान नाहीं. मग दोन्ही मुठी आवळाव्या, खांदे कानांपर्यंत उचलावे, चार-पांच क्षण धरावे, आणि श्वासाबरोबर सोडून द्यावे. असें दोनदां करावें. जबडा तपासावा, वरचे-खालचे दांत एकमेकांवर दाबलेले असतात हें आपणांस त्या क्षणापर्यंत ठाऊकहि नसतें. ते सुटे करावे.

नंतर श्वास. तो मुद्दाम खोल ओढूं नये. नवशिक्यांकडून बहुतेक वेळां घडणारी चूक हीच, आणि त्यानें डोकें गरगरतें. नाकपुड्यांशीं हवा आंत जातांना गार आणि बाहेर येतांना ऊन लागते, तेवढीच पाहावी. सोडतांना मनांत एक, पुढच्या वेळीं दोन, असें दहापर्यंत मोजावें, आणि पुन्हां एकपासून आरंभ करावा. सात मोजतांना उद्यांच्या भाजीचा विचार येईल. हरकत नाहीं, भाजी म्हणावें आणि पुन्हां एकवर यावें. सांगणारा मधून मधून विचारतो, लक्ष कोठें आहे? तेवढ्यानेंच तें परत येतें. दहा मिनिटें झालीं कीं बोटें हालवावीं, तळहात एकमेकांवर घांसावे आणि सावकाश डोळे उघडावे. एकदम उठून टेलिफोनकडे धांवूं नये. इतकेंच.

या मार्गानें खोलवर जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं आपल्या महाराष्ट्रांतच इगतपुरी येथें मोठें केंद्र आहे. त्याचे प्रवर्तक सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ सालीं मंडाले येथें झाला. ते व्यापारी होते आणि तीव्र अर्धशिशीनें त्रस्त होते. १९५५ सालीं ते ज्यांच्याकडे विपश्यना शिकावयास गेले, ते सयाजी ऊ बा खिन हे कोणी अरण्यांतले साधु नव्हते, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. जमाखर्चांत मुरलेला मनुष्य दुसऱ्यांना श्वास मोजावयास शिकवितो, यांत मला मोठी गोडी वाटते. गोएंका १९६९ सालीं भारतांत आले आणि १९७६ सालीं इगतपुरीचें केंद्र सुरू झालें. तेथील शिबिर दहा दिवसांचें. आरंभीचे तीन दिवस केवळ श्वास पाहावयाचा, मग शरीरावरच्या संवेदना पाहावयाच्या. मौन पाळावयाचें, फी नाहीं. १९९४ सालीं दिल्लीच्या तिहार तुरुंगांत हजाराहून अधिक बंद्यांनीं असें शिबिर एकत्र केलें. आपल्या विषयाशीं संबंध असा कीं, गोएंका २०१३ सालीं वारले तरी या शिबिरांतून सूचना ऐकूं येतात त्या त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजांत. साधकांच्या शंका ऐकण्यासाठीं मात्र तेथें जिवंत आचार्य बसलेला असतो, आणि हा फरक मोबाइलवर विसंबणाऱ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

पश्चिमेकडे जॉन काबाट-झिन या शास्त्रज्ञानें १९७९ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंत, औषधांनीं पुरतें न भागलेल्या जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठीं कांहीं आठवड्यांचा अभ्यासक्रम काढला. घरीं करावयाच्या अभ्यासासाठीं तो त्यांना ध्वनिफिती देई. या आणि यासारख्या प्रयोगांची छाननी २०१४ सालीं अमेरिकेंतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. सत्तेचाळीस चाचण्या आणि साडेतीन हजारांवर माणसें तींत होतीं. निष्कर्ष असा निघाला कीं, चिंता, खिन्नता आणि वेदना यांवर ध्यानाचा माफक पण खरा उपयोग दिसतो. मात्र औषध, व्यायाम यांसारख्या इतर उपायांहून तें सरस असल्याचा पुरावा आढळला नाहीं. तेव्हां तीन दिवसांत चिंतामुक्ति, सात दिवसांत स्मरणशक्ति दुप्पट, असल्या जाहिराती करणाऱ्यांना दारांतूनच नमस्कार करावा.

मला स्वतःला एका गोष्टीचा राग येतो, तो येथें बोलून दाखवितों. ताण कांहीं सगळा मनांतून उपजत नाहीं. एखाद्या कचेरीनें माणसाकडून आठ तासांच्या पगारांत बारा तास काम घ्यावें आणि दुपारीं दहा मिनिटांचें ध्यान फुकट द्यावें, हा हिशेब मला पटत नाहीं. घरांत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचें सगळें एकट्या सुनेनें करावें, आणि ती चिडली तर तिला श्वासाकडे लक्ष द्यावयास सांगावें, हेंहि त्यांतलेंच. त्या बाईला प्रथम दुपारचे दोन तास सुट्टी द्यावी; तिच्या जागीं घरांतल्या पुरुषानें बसावें. ध्यानाचें मग पाहतां येईल. दहावीच्या मुलांच्या आईबापांनाहि माझी विनंती आहे कीं, ध्यान हा अभ्यासाच्या वेळापत्रकांतला आणखी एक तास करूं नका. आज किती मिनिटें बसलास, असें विचारलें कीं त्याचा गृहपाठ झाला.

कांहीं जणांनीं जपूनहि राहिलें पाहिजे. ज्यांना तीव्र मानसिक आजार होऊन गेला आहे, किंवा ज्यांच्या मनावर अपघाताचा वा अत्याचाराचा खोल घाव आहे, त्यांना डोळे मिटून आंत पाहतांना शांति मिळण्याऐवजीं भीति दाटून येते, असें कधीं कधीं घडतें. अशा वेळीं नेटानें बसून राहूं नये. डोळे उघडावे, खोलींतल्या चार वस्तूंचीं नांवें मोठ्यानें उच्चारावीं, कोणाशीं तरी बोलावें. आणि पुढें वैद्यांच्या सल्ल्यानेंच काय तें करावें. झोंप आठवडेच्या आठवडे गेली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तें काम ध्यानाचें नव्हे. सरकारनें २०२२ सालीं टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस माणूस बोलावयास मिळतें, मराठींतहि मिळतें. आणि मोटार चालवितांना असल्या सूचना कोणीं ऐकूं नयेत, हें सांगावयास नको होतें, पण सांगतों.

आवाज कोणाचा असावा? आपली भाषा असलेला, घाई नसलेला, आणि नाटकी गोडवा नसलेला. पाठीमागें पाण्याचा खळखळाट आणि बांसरी नसली तरी चालेल. मला तर ती नसलेलीच बरी वाटते. रोज नवा आवाज शोधण्यांतच अर्धा तास जातो, म्हणून एकच निवडून महिनाभर ठेवावा. सूचना तोंडपाठ झाल्या कीं आठवड्यांतून एखादे दिवशीं त्या बंद ठेवून बसून पाहावें. जमलें तर ठीक, न जमलें तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां ऐकावें. पोहतांना भोपळा सोडून पाहण्यासारखेंच हें आहे.

यंत्राचा कंटाळा असेल तर घरांतल्याच कोणी वाचून दाखवावें. आज सांगितलेली कृति वहीच्या एका पानावर मावते. आजोबांनीं वाचावी, नातवानें ऐकावी. दुसऱ्या दिवशीं नातवानें वाचावी. वाचणाऱ्याची घाई होते ती सूचनांच्या मधल्या जागेंत, कारण बोलणाऱ्याला क्षणभराची शांतता फार लांब वाटते. यावर उपाय असा कीं, एक सूचना वाचून झाली म्हणजे वाचणाऱ्यानें स्वतः तीन श्वास पुरते घ्यावे आणि सोडावे, आणि मगच पुढील वाक्य उच्चारावें.